रिपोर्टच्या आधी

"बाई, मागचा बंद सुटलाय तुमचा."

मी थबकले. वाशीच्या त्या हॉस्पिटलातून मी चक्क पळून चालले होते – हिरव्या गाऊनमध्ये, अनवाणी! लेक क्षिप्रा काउंटरवर गेल्याची संधी साधून. वळून पाहिलं, तर सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर तसाच गाऊन घातलेले, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ… नजर मात्र छताकडे.

"कुठं चाललाव?"

"घरी. छातीत, फुफ्फुसापाशी गाठ आहे म्हणतात. सुई घातली की कॅन्सर पसरतो."

"माझ्या पाठीत घातलेली ना गेल्या वर्षी! आज नुसतं तपासायला आलोय. पसरलोय का मी?"

त्यांच्या पोटाकडे बघून मी म्हणून गेले, "थोडेसे…"

ते इतक्या मोठ्यानं हसले की नर्स बाहेर आली.

हे पावणे गावचे शिवाशेठ पाटील. कोपरखैरण्यात आमची सोसायटी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती. आम्ही राहायला आलो, तेव्हा पलीकडच्या बांधावर बगळे उतरायचे. अजून डोळ्यांपुढे दिसतात मला ते.

"म्हणजे मी तुमच्या शेतात राहते?"

"ऱ्हावा की. उठवलं का कधी?"

हसतच मी आत गेले. स्कॅनच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी पाठीतून सुई घातली, गाठीचा इवलासा तुकडा काढला. जरा टोचलं, इतकंच.

रिपोर्ट यायला आठवडा होता. शिवाशेठ रोज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत येऊ लागले. त्यांची बायको गेलेली, माझे यजमानही जाऊन बरीच वर्षं झालेली. बोलायला विषय संपत नसत. शेवटच्या संध्याकाळी मात्र ते थेट मुद्द्यावर आले.

"वैजयंतीबाई… माझ्या घरी याल? कायमच्या?"

"उद्या रिपोर्ट आहे, शिवाशेठ. कॅन्सर निघाला तर?"

"म्हनून तर आज इचारतो. उद्या इचारलं, तर तुमाला वाटंल रिपोर्ट बगून इचारलं."

ते उठून गेले, तरी मी तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी तेही हॉस्पिटलात आले. क्षिप्रा गाडी लावत होती. डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं आणि शिवाशेठांकडे पाहिलं.

"हे कोण? रिपोर्ट मी घरच्यांसमोरच सांगतो."

शिवाशेठ उठू लागले. मी त्यांची बाही धरली.

"घरचेच आहेत."

ते धपकन खाली बसले.

डॉक्टरांनी पाकीट फोडलं. कॅन्सर नव्हता! एक दुर्मिळ आजार – शरीर स्वतःवरच चिडतं आणि आत सूज येऊन गाठ धरते. सुईनं तुकडा काढला म्हणूनच तो कळला. आता गोळ्यांनी सूज उतरेल.

"पण या गोळ्यांनी चेहरा जरा गोल होतो हं, आजी."

"होऊ द्या, डॉक्टर," शिवाशेठ म्हणाले. "बगायला जास्ती मिलंल."

"काय बघायला?" दारातून क्षिप्रानं विचारलं.

मी अजून त्यांची बाही सोडली नव्हती.