सावली कोणी पळवली?

"जाळी कुठाय?" ठिणगी किंचाळलीच.

खांब जागच्या जागी होते, वर मात्र उघडं आभाळ! समुद्रकाठच्या त्या कुंपणात कासवांची अंडी वाळूत पुरून ठेवली होती आणि त्यांच्यावरची हिरवी जाळी, म्हणजे त्यांची सगळी सावली, गायब झाली होती. उन्हं नुकती चढली होती, तरी वाळूची धग चपलेतून लागत होती.

ठिणगी तेरा वर्षांची. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, पण चिडायला तिला क्षणही पुरायचा, म्हणून सगळे तिला ठिणगीच म्हणत. सुट्टीत ती धाकट्या भावाला, लिंबूला, घेऊन मावशीकडे आली होती. मावशीच्या मुलाला सगळे प्रोफेसर म्हणत, तो ठिणगीच्याच वयाचा. चष्मा पुसल्याशिवाय तोंड उघडायचा नाही.

मावशीचं कामच कासवांचा अभ्यास आणि घरट्यांची राखण. पण पलीकडच्या किनाऱ्यावर समुद्र नेहमीपेक्षा बराच वर चढला होता, म्हणून ती तिथली अंडी हलवायला गेली होती. जाताना बजावून गेली होती, "यंदा ऊन भलतंच आहे. जाळी आणि पाणी, दोन्हींवर लक्ष ठेवा!"

आणि इथेच घोटाळा झाला होता. गावात 'कासव वाचवा' सोहळा होता. समितीच्या अध्यक्षकाकांनी मुलांना नाचाच्या तालमीला शाळेत धरून नेलं. "अरे, घरटी काय पळून जाणारेत का? रखवालदार आहे ना!" असं म्हणत दोन दिवस त्यांना हलूच दिलं नाही. आज कळलं, रखवालदारालाही त्यांनी खुर्च्या लावायला बोलावून घेतलं होतं!

प्रोफेसरने वाळूत खोचलेला तापमापक वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"वाळू जास्त तापली की सगळ्या माद्याच जन्मतात, असं आई म्हणते. आणि त्याहून तापली तर…"

"तर काय?" लिंबूने विचारलं.

"तर कोणीच जन्मत नाही."

ठिणगीने रिकामा खांब धरून हलवला. "वाऱ्याने नेली असेल?"

"गाठी नीट सोडल्यात," प्रोफेसर म्हणाला. "वाऱ्याला बोटं नसतात!"

"आणि हातगाडी पण नसते!" लिंबू ओरडला. कुंपणापासून रस्त्यापर्यंत वाळूत दोन चाकांचे माग उमटले होते. तिघं त्या मागांवरून पळत सुटले. माग संपले ते थेट सोहळ्याच्या मैदानात. रांगेने खुर्च्या, फुलांनी सजवलेलं व्यासपीठ आणि वर गारेगार हिरवी सावली!

"ताई, वर बघ! पिवळं ठिगळ!"

फाटक्या रेनकोटचं ते ठिगळ प्रोफेसरनेच मागच्या आठवड्यात जाळीला लावलं होतं. "वाकडे टाके माझेच," तो पुटपुटला.

"आली माझी कासवं!" अध्यक्षकाका हसत पुढे आले. "पुठ्ठ्याच्या पाठी चढवा बरं पटकन!"

"काका, ही जाळी घरट्यांवरची आहे!"

"हो गं, मंडपाचं कापड कमी पडलं. पाहुण्यांच्या डोक्यावर ऊन बरं दिसतं का?"

"आणि अंड्यांच्या डोक्यावर?"

"अंड्यांना डोकं असतं होय!" काका खदखदून हसले. "संध्याकाळी परत बांधू. दोन दिवसांनी काय होतंय!"

"कासवं वाचवायचा सोहळा, आणि सावली कासवांचीच चोरलीत?"

काकांचं हसू मावळलं. "मोठ्यांशी असं बोलतात? जा, तयार व्हा!"

ठिणगी मंडपामागे गेली आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर दाणकन लाथ मारली. "मी आत्ता वर चढते आणि दोर सोडते!"

"लोकांच्या डोक्यावर पडेल सगळं," प्रोफेसर म्हणाला. त्याने चष्मा पुसला आणि एकदम त्याचे डोळे चमकले. "जाळी नेता येत नाही ना? मग पाहुण्यांनाच तिकडे नेऊ!"

लिंबूला घरी पिटाळलं, चादरी आणि बादली आणायला.

कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्या बाई मोठ्या अधिकारी होत्या. गाणं लागलं, पण तीन कासवांऐवजी दोनच आली. त्यातल्या एकाने, म्हणजे ठिणगीने, सरळ माईक ओढला.

"नाच नंतर! आधी पाहुण्यांना खरी घरटी दाखवायची आहेत!"

"हे आपल्या पत्रिकेत नाही!" काका कुजबुजले.

"असू दे की," बाई उठल्याच. "मला तेच बघायचं होतं."

त्यांच्यामागोमाग अख्खी समिती निघाली. कुंपणाशी प्रोफेसर अदबीने म्हणाला, "चपला-बूट इथेच काढा हं. घरटी नाजूक असतात."

पहिलं पाऊल पडलं मात्र!

"आई गं!" "अरे बाप रे!" सगळी समिती एका पायावर नाचायला लागली. आत टोमॅटोसारखा लाल झालेला लिंबू घरट्यांवर चादरी अंथरून पाणी शिंपडत होता.

"भाजलं?" ठिणगीने विचारलं. "तुम्ही उडी मारून बाहेर जाल. त्यांना पायसुद्धा फुटले नाहीत अजून! दोन दिवस ती अशी भाजताहेत, आणि त्यांची सावली तुमच्या खुर्च्यांवर आहे!"

समिती चपलांकडे पळाली. बाई मात्र चटके सोसत तिथेच उभ्या राहिल्या. "जाळी कोणी काढली?"

"मी… मला वाटलं, एवढ्याने काय…" काका अडखळले.

"सोहळा संपला. आधी जाळी आणा."

भराभर जाळी आली, दोर आले. घामाघूम झालेले काका ठिणगीजवळ येऊन म्हणाले, "शाब्बास हो पोरी! आम्हा मोठ्यांना जे कळलं नाही, ते…"

"शाबासकी नंतर. आधी शिडी धरा!"

ऊन कलताना मावशी परतली. तिने एकेक घरटं तपासलं. समुद्राकडच्या दोन घरट्यांवरची वाळू तिने पुन्हा हाताने चाचपली.

"ही दोन बहुतेक गेली."

"मग काय उपयोग झाला?" ठिणगी रडत ओरडली.

"बाकीची आहेत ना! संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर तीही गेली असती. तिघांनी कमाल केलीत." मावशीने तिला जवळ ओढलं. "पक्क्या छपरासाठी मी कित्येक वर्षं सगळ्यांशी गोड बोलतेय. आज बाईंनी स्वतःहून विचारलं, छप्पर कधी बांधायचं."

ठिणगी हसली नाही. बाहीने डोळे पुसून ती बादलीकडे वळली, तर ती काकांच्या हातात.

"पाणी मी आणतो," ते हळू आवाजात म्हणाले.

 ठिणगीचा राग अजून तसाच होता.

"भरून आणा," ती म्हणाली. "अर्धी चालणार नाही."