वरच्या पोर्टमधली केबल

संकलकाच्या डोक्यात एकूण सात घाव होते. हत्यार म्हणजे त्याच्याच कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, आतल्या भागांना वीज पुरवणारा विटेएवढा लोखंडी डबा. तो त्याच दुपारी काढून टेबलावर ठेवलेला होता. सातव्या घावाला डब्याचा कोपरा चेपला आणि कवटीची उजवी बाजू आत गेली. एवढ्यावरही भागलं नव्हतं. गळ्यात एक स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत खुपसलेला होता.

त्या स्क्रूड्रायव्हरच्या मालकाची बायको सकाळी दहा वाजता आत्याबाईंच्या समोर बसून हे सगळं सांगत होती. ती रडत नव्हती. नवरा-बायकोचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो दुरुस्ती करायचा, ही गल्ल्यावर बसायची.

"काल रात्री उचललाय त्याला," दुकानवाली म्हणाली. "मारतायत. संध्याकाळी सहापर्यंत कबुलीजबाबावर सही घेणार, असं तिथला शिपाईच बोलला. सही झाली की माझा माणूस गेला. त्याला साधं इंजेक्शन सोसत नाही, ताई. तो सही करणार."

आत्याबाईंनी तीस वर्षं विमा कंपनीत काढली होती. गोदामाला लागलेली आग खरी की लावलेली, हे राख बघून सांगणं हा त्यांचा हातखंडा. निवृत्त झाल्यावर त्या खाजगी तपास करू लागल्या. गाडी चालवायला आणि वहीत टिपणं घ्यायला जावई होता. त्याची नोकरी सुटली होती, भूक शाबूत होती. आत्याबाई त्याला जावईबापू म्हणायच्या. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे त्या बिचाऱ्याला लग्नाला अकरा वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

"तुमच्या यजमानांनी तिथे नेमकं काय काम केलं?" आत्याबाईंनी विचारलं.

दुकानवालीला सगळं पाठ होतं. नवरा दुकानात परतल्यावर कामाची नोंद तीच लिहायची. संकलक घरी बसून चित्रफिती जोडायचा. स्क्रीनला चित्र पुरवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड पुरेना, म्हणून त्याने नवं घेतलं. नव्या कार्डाला वीज जास्त लागते, म्हणून एसएमपीएसही नवा. पावणेचारला काम संपलं, स्क्रीन लागली, त्यावर चित्र चालून दाखवलं, मग नवरा निघाला. जुनं कार्ड काढल्यावर त्याखाली मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किटच्या पाटीवर, डेटा साठवणारी बोटाएवढी एसएसडीची पट्टी दिसली होती. तिच्यात शूटिंग आहे, तिला हात लावू नका, असं संकलकाने बजावलं होतं.

"आणि स्क्रूड्रायव्हर?"

"विसरला. दर महिन्याला दोन तरी विसरतो. त्यावरून मी त्याला रोज बोलते."

जावईबापूंनी वहीत 'विसराळू' असं लिहून खाली रेघ ओढली.

*

संकलकाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. आत्याबाईंनी पूर्वी दोनदा इन्स्पेक्टरला तोंडघशी पडण्यापासून वाचवलं होतं, म्हणून त्याने त्यांना खोलीत येऊ दिलं. पण त्याचं मत पक्कं होतं.

मृत्यू चार ते सहाच्या दरम्यानचा. साडेसातला बायको कामावरून आली, तिला प्रेत दिसलं. पोलिसांनी कॉम्प्युटर चालू केला तर पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. कारागिराने काम बिघडवलं, गिऱ्हाईक चिडलं, शब्दाने शब्द वाढला आणि त्याने डबा उचलला, असा इन्स्पेक्टरचा हिशेब होता.

"डॉक्टर काय म्हणतात?" आत्याबाईंनी विचारलं.

"सातातला तिसरा घाव जिवावर बेतला. गळ्याच्या जखमेतून मात्र फारसं रक्त आलं नाही."

"आणि मुठीवर कारागिराच्या बोटांचे ठसे असतील."

"नाहीत. मूठ पुसलेली आहे."

आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि टेबलाकडे वळल्या. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उभं होतं, त्याची पाठ खोलीकडे, म्हणजे खुर्चीकडे. नव्या कामानंतर तपासणी चालू असताना केबली हाताशी याव्यात म्हणून ते तसं फिरवून ठेवतात. पाठीवर रक्ताचे शिंतोडे सुकले होते. वरच्या भागात मदरबोर्डचे पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची तोंडं, खाली आडव्या ओळीत कार्डाचे चार. स्क्रीनची केबल वरच्या पोर्टमध्ये होती.

फोटो काढून झाले होते. आत्याबाईंनी हातमोजे चढवून केबल हळूच उपटली. वरच्या पोर्टच्या तोंडात रक्ताची खपली होती, केबलच्या टोकाने चिरडलेली. खाली कार्डाच्या चारपैकी तीन पोर्टांवर रक्त होतं. चौथा कोरा करकरीत.

मग त्यांनी कॅबिनेटची बाजूची झडप उघडवली. पोलिसांनी ती तोवर उघडलीच नव्हती. आतलं नवं कार्ड तीन पंख्यांचं होतं, एवढं अवजड की मोकळ्या टोकाला झुकू नये म्हणून त्याच्याखाली शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ उभं केलेलं होतं. कार्ड काढून बघितलं तर खालची पट्टीची जागा रिकामी.

संकलकाची बायको नर्स होती. ती दारात उभी होती. रात्रभरात तिने भिंतीवरचं रक्त बघणं सोडलं होतं. ती फक्त जमिनीकडे बघून बोलायची. रीळ तिच्याच शिवणाच्या डब्यातलं. काल साडेतीनला नवऱ्याने वॉर्डात फोन करून रिकामं रीळ कुठे आहे ते विचारलं होतं. कशाला, ते तिने विचारलं नाही. पेशंट ओरडत होता, म्हणून तिने घाईत फोन ठेवला. त्यांचं ते शेवटचं बोलणं.

नवऱ्याची झोप महिन्यापासून उडाली होती, असंही तिने सांगितलं. एका जाहिरातीच्या शूटिंगमध्ये दिवे लावणारा माणूस मचाणावरून पडून मेला होता. त्या शूटिंगचं संकलन हाच करत होता. "त्याच्या घरच्यांना जाऊन भेटायचंय, असं परवा म्हणाले," नर्स म्हणाली.

बाहेर जाताना आत्याबाईंनी इन्स्पेक्टरला बजावलं की आत काय दिसलं, काय नाही, हे या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही.

*

संकलकाचा धाकटा भाऊ शेजारच्या खोलीत राहायचा. काल सकाळी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं. दुपारी तो एकटाच भटकत होता म्हणे; साक्षीदार कुणी नाही.

"जुनं कार्ड मला हवं होतं," तो म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "दादा म्हणाला, आधी परीक्षा दे. मी म्हटलं, तू मेलास तरी मला फरक पडत नाही. हे मी बोललो, आत्याबाई. याच तोंडाने."

त्याच्या टेबलावर काचेचं कॅबिनेट होतं. आत्याबाईंनी मागे डोकावून पाहिलं. स्क्रीनची केबल खाली, कार्डात. दादाची केबल वर मदरबोर्डला होती, हे त्यांनी त्याला सांगितलं, तेव्हा तो रडता रडता थांबला.

"असं कोण करेल? दादाचा प्रोसेसर स्वतः स्क्रीनला चित्र देतच नाही, ते फक्त कार्ड देतं. केबल वर लावली की स्क्रीन काळीच राहणार. कार्ड बसवणारा तिथे कशाला लावेल?"

जिन्यात जावईबापू कुजबुजले, "आई, मला तर हाच वाटतो. माहिती याला, भांडण याचं, घरही याचंच."

"बापू, घर तर माझंही आहे, आणि भांडण तुमच्याशी रोज होतं."

*

ती जाहिरात चित्रित करणाऱ्या कॅमेरामनचा स्टुडिओ दोन रस्ते सोडून होता. माणूस रुबाबदार, हात धुतलेले, बोलणं गोड. संकलक म्हणजे त्याचा उजवा हात, तो गेल्याने आपण पोरके झालो, असं त्याने दोनदा सांगितलं. काल दुपारी तो इथेच बसून बिलं करत होता. संकलकाच्या घरी महिनाभरात गेलेला नाही, आणि त्याच्याशी शेवटचं बोलणं परवाचं.

दिवेवाल्याचा विषय निघताच त्याचा चेहरा लांबला. "सेफ्टीची दोरी दिली होती. त्याने लावली नाही. काय करणार?"

फोनला चार्जिंग हवं म्हणून आत्याबाई त्याच्या टेबलामागे वाकल्या. साधा ऑफिसचा कॉम्प्युटर, कार्ड नाही, पोर्टांची एकच ओळ, वरची. स्क्रीनची केबल अर्थातच तिथे.

"कारागिराला ओळखता?"

"नाव ऐकून आहे," कॅमेरामन म्हणाला. "एका रिळाच्या भरवशावर काम सोडून जाणारा माणूस. त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार?"

गाडीत बसल्यावर जावईबापू हसले. जुन्या लोकांची भाषा बदलत नाही, म्हणाले. कॅमेऱ्यातून फिल्म जाऊन जमाना झाला, पण हे अजून रिळाच्याच गोष्टी करतात.

आत्याबाईंनी घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. "गाडी ठाण्याकडे घ्या. सगळ्यांना पाच वाजता त्या खोलीत बोलवायचंय. आणि बापू, आज पहिल्यांदा तुम्ही कामाचं बोललात."

*

पाच वाजता खोलीत सगळे होते: इन्स्पेक्टर, दोन शिपाई, नर्स, धाकटा, दुकानवाली आणि कॅमेरामन. कार्ड जागच्या जागी बसवलेलं होतं. रक्ताचे नमुने घेऊन कॅबिनेटची पाठ पुसून कोरी केली होती आणि केबल टेबलावर मोकळी पडली होती.

आत्याबाईंचे हात भरलेले होते, एका हातात वही, दुसऱ्यात चष्मा. "कॅमेरामनसाहेब, तुम्ही जवळ आहात. स्क्रीनची केबल जरा लावता? काल काय दिसत होतं ते सगळ्यांना दाखवायचंय."

त्याने केबल उचलली आणि न बघता वरच्या पोर्टमध्ये सारली. शिपायाने बटण दाबलं, पंखे फिरले. स्क्रीन काळीच.

धाकट्याने मान वर केली.

"बसा," आत्याबाई म्हणाल्या. "आता मी सांगते. काल रक्त उडालं तेव्हा केबल खालच्या चौथ्या पोर्टमध्ये होती. म्हणून बाकी तिन्हींवर रक्त पडलं आणि तो एकटा स्वच्छ राहिला. वरचा पोर्ट तेव्हा उघडा होता. त्याच्या तोंडात रक्त सुकलं, आणि नंतर केबल त्यात कोंबली गेली. म्हणजे खून झाला तेव्हा स्क्रीन नीट चालत होती. कारागिराचं काम बिघडलं नव्हतं. भांडायला कारणच नव्हतं."

"मग केबल हलवली कशाला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"हलवायची नव्हतीच. काढावी लागली. पट्टी कार्डाखाली, आणि केबल सोडवल्याशिवाय कार्ड निघत नाही. खुन्याने त्या स्क्रूड्रायव्हरने कार्डाचे स्क्रू काढले, पट्टी घेतली, कार्ड परत बसवलं. मग तो स्क्रूड्रायव्हर पुसून प्रेताच्या गळ्यात घातला. तोवर अर्धा तास तरी गेला होता, म्हणून जखमेतून रक्त आलं नाही. कारागिराने खून केला असता तर स्वतःचं हत्यार तिथे सोडून मूठ कशाला पुसली असती?"

दुकानवालीने पदर तोंडात धरला.

"शेवटी त्याने केबल लावली. घाईत, हाताच्या सवयीने. कारागीर किंवा धाकटा ती झोपेतही खालीच लावतील. ज्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरला कार्डच नाही, त्याचा हात वर जातो. आत्ता गेला तसाच."

"ही काय थट्टा आहे?" कॅमेरामन म्हणाला. "केबल चुकली म्हणून मी खुनी?"

"केबलमुळे संशय आला. पकडून दिलं तुमच्या जिभेने. रिळाच्या भरवशावर काम, म्हणालात. माझ्या जावयाला वाटलं फिल्मचं रीळ. पण कारागिराचा फिल्मशी काय संबंध? कार्डाला दोऱ्याच्या रिळाचा टेकू आहे. तो काल साडेतीननंतर लावला, पावणेचारला झडप बंद झाली. तुमचं म्हणणं, तुम्ही महिनाभर इथे आला नाहीत आणि परवापासून बोलला नाहीत. मग रीळ कुठे पाहिलंत?"

कॅमेरामनने दाराकडे पाहिलं.

"पट्टीत त्या दिवसाचं शूटिंग आहे," आत्याबाई पुढे म्हणाल्या. "संकलक ते मेलेल्याच्या घरच्यांना देणार होता. तुम्ही विनवायला आलात. तो ऐकेना. जाहिरात अजून पुरी करायची आहे, म्हणजे पट्टी तुम्ही फोडली नसणार. तुम्ही इकडे यायला निघालात, तेव्हाच शिपाई तुमच्या स्टुडिओत गेलेत."

त्याने खुर्ची उचलली आणि फिरवली. ती आत्याबाईंना लागायची, पण मध्ये जावईबापूंचं तोंड आलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कॅमेरामन दाराकडे धावला. धाकट्याने त्याला कंबरेत धरून आडवा पाडला आणि त्याचं डोकं फरशीवर आपटायला सुरुवात केली. दोन्ही शिपायांना त्याला ओढून काढायला वेळ लागला, आणि ते फारशी घाईही करत नव्हते.

पट्टी स्टुडिओत लेन्सच्या डब्यात सापडली. ठाण्यात तिच्यातलं चित्र लावलं. चाळीस फुटांवरचा माणूस खाली वाकून दोरी मागतो. कॅमेऱ्यामागचा गोड आवाज म्हणतो की दोरी फ्रेममध्ये दिसते, तसाच उभा राहा, दोन मिनिटांचं काम आहे. पुढचं नर्सने पाहिलं नाही.

*

सहाला दहा कमी असताना कारागिराला बाहेर आणलं. तो भिंतीला धरून चालत होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं काळीनिळी सुजून भलतीकडे वळली होती. दुकानवालीने आधी तो हात पाहिला, मग त्याचा चेहरा.

"सही केली नाही मी," तो म्हणाला.

इन्स्पेक्टर पुढे झाला. चौकशीत थोडंफार लागतं, त्याने समजावलं, हाड जुळून येईल.

दुकानवालीने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की टोपी उडून बाकाखाली गेली. शिपाई उठले. नाकाला रक्ताळलेला रुमाल दाबून बसलेले जावईबापूही उठू लागले, पण आत्याबाईंनी त्यांना मनगटाला धरून खाली बसवलं. इन्स्पेक्टर गालावर हात ठेवून उभा राहिला.

मग दुकानवालीने नवऱ्याचा डावा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला एक एक पायरी उतरवत रस्त्यावर नेलं.