माईकताईंचा आवाज

टिकली मामाकडे गेली होती ती फक्त बंद पडलेल्या सिनेमा हॉलची किल्ली मागायला.

परदेशातलं शिक्षण संपवून ती परत आली, तेव्हा तिच्याबरोबरच्या दोन जड पेट्यांत काय असेल यावर गल्लीत बरेच तर्क लढवले गेले. कुणी अत्तरं म्हणालं, कुणी यंत्रं. पेट्या उघडल्या तर आत पत्र्याचे गोल डबे, आणि डब्यांत जुन्या सिनेमांची रिळं.

"लोक तिकडून डिग्री आणतात," मामा म्हणाला. "तू भंगार आणलंस."

"डिग्रीही आणलीय. पण मामा, हे सिनेमे आता तिकडेही कुणाला माहीत नाहीत. अंतराळातले, परग्रहांवरचे. एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये सडत पडले होते. दर रविवारी दुपारी एक दाखवायचा, फुकट. माणसं शेजारी शेजारी बसून काहीतरी वेगळं बघतील. इथे जो तो आपल्या फोनमध्ये तोंड खुपसून बसलाय!"

मामाने किल्ली टेबलावर ठेवली. "ने. मला मात्र तिकडे बोलावू नकोस."

का, ते तिने विचारलं नाही. हॉल मामाचा होता, पण तो चालवला होता टिकलीच्या आईने, मामाच्या थोरल्या बहिणीने. दुसरीकडे कुणी न घेतलेले परभाषेतले सिनेमे, हेच डब्यांतले, तेव्हा इथे स्वस्तात यायचे. पडद्यावर काय बोलतात ते कुणालाच कळायचं नाही. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक छोटं टेबल, त्यावर झाकणाचा दिवा, आणि माईक घेऊन आई. पडद्यावरची माणसं बोलायची, आणि आई ते हॉलला सांगायची. गावात तिला कुणी नावाने ओळखत नव्हतं. ती माईकताई.

मागच्या थंडीत ती गेली. घशाचं दुखणं. आधी आवाज गेला, मग बाकीची. टिकली तेव्हा दूर होती. फोन केला की पलीकडे मामा म्हणायचा, "ती ऐकतेय, तू बोल." टिकली बोलत राहायची, पलीकडून नुसता श्वास यायचा.

तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण एक गोष्ट तिला आतून पोखरत होती. आईचा चेहरा आठवायचा, तिची बोलण्याची ढब आठवायची, शब्दही आठवायचे. आवाज मात्र निसटला होता. तो कुठे साठवलेलाही नव्हता. आई दर खेळाला नव्याने बोलायची, आणि खेळ सुटला की तो हवेत विरायचा. सिनेमाचं वेड खरंच होतं, पण त्याच्या तळाशी एक वेडी आशा होती, की तीच चित्रं पुन्हा समोर हलली, तर कदाचित तो आवाजही आठवेल.

मग ती दारोदार फिरली. औषध द्यावं तसे सिनेमे सुचवत.

"काकू, तुम्ही टपालवालीचा बघा," ती शिवणकाकूंना म्हणाली. काकूंची मुलं लांब असायची. दिवसभर मशीन आणि त्या. "एक बाई पत्रं घेऊन दुसऱ्या ग्रहावर निघते. पोचेपर्यंत इतका काळ जातो, की पत्रं घ्यायला कुणी उरलेलंच नसतं."

"पाहिलाय गं. शेवटी ती परत येते तोच ना?"

"परत नाही येत, काकू. तिथेच बसून सगळी पत्रं मोठ्याने वाचते. संपला."

"चल! परत येते. दारात तिची पोर उभी असते. माईकताईंनी सांगितलं होतं."

कोपऱ्यावरच्या न्हावीदादांना तिने दुसरा सुचवला. त्यात सूर्य दुरुस्तीसाठी उतरवतात आणि एक गाव वर्षभर अंधारात राहतं.

"बिल किती झालं म्हणे त्या दुरुस्तीचं?" दाढीचा फेस सारखा करत त्यांनी विचारलं. आतल्या दारातून त्यांची नवी बायको हसली. ती लग्न होऊन नुकतीच गावात आली होती.

"हसा तुम्ही. सूर्य पत्र्याचा आहे, रॉकेट सुतळीला टांगलेलं दिसतं. पण थोडा वेळ बसा. सुतळी दिसायची बंद होते. जगातली मोठमोठी चित्रं नाही जमवत ते या गरीब सिनेमांनी जमवलंय."

"मला माहितेय ना. शेवटी हरवलेला बाप उजेडात घरी येतो."

तोही येत नव्हता. टिकलीने सगळे सिनेमे तिकडे पुन्हा पाहिले होते. कुणीच परत येत नव्हतं. ती भाषा आईला कामापुरती यायची. बाकीचं ती पदरचं घालायची, आणि शेवट तर सगळेच पदरचे होते. टिकलीला भरून आलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. सिनेमा जसा बनवला तसाच दिसला पाहिजे. तिने एकेका संवादाचं भाषांतर केलं, आणि पडद्याखाली अक्षरं पडतील अशी व्यवस्था केली.

पहिल्या रविवारी पंधरावीस माणसं आली. हॉलमध्ये ओलसर गाद्यांचा आणि गंजाचा वास होता. दारं लावली तशी बाहेरची दुपार पुसली गेली. वर प्रोजेक्टरच्या खोलीत ऑपरेटरकाकांनी मशीन सुरू केलं, तापलेल्या धुळीचा वास खाली उतरला, आणि टिकली सगळ्यात मागच्या रांगेत बसली.

टपालवालीचा सिनेमा मुका नव्हता, पण त्यात लांबलांब शांतता होत्या. यान चालतं, बाई खिडकीतून बघते, कुणी काही बोलत नाही. अशाच एका शांततेत सगळा हॉल हसला.

टिकली दचकली. पडद्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. खाली अक्षरंही नव्हती. थोड्या वेळाने, तशाच एका शांततेत, समोरच्या रांगांतून नाकं ओढल्याचे आवाज आले. कुणाचीच मान अक्षरांकडे वळत नव्हती. सगळ्यांची डोकी किंचित डावीकडे कललेली होती.

डावीकडे आईचं टेबल होतं. दिवा विझलेला. खुर्ची रिकामी.

सिनेमा संपला, आणि दिवे लागायच्या आधी सगळे एकदम काहीतरी पुटपुटले. एकच शब्द असावा. टिकलीला तो नीट लागला नाही.

बाहेर पडताना शिवणकाकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "किती दिवसांनी ऐकलं गं. बरं वाटलं."

जुनी आठवण, टिकलीने मनाला समजावलं. जुना हॉल, जुनी चित्रं, माणसांना भास होणारच. तेवढ्यात न्हावीदादांची बायको जवळ आली.

"छान सांगतात हो त्या बाई. कोण त्या? दिसल्या नाहीत कुठे."

या मुलीने आईला कधी पाहिलंही नव्हतं.

ती धावत वर गेली. "काका, माईक चालू आहे?"

ऑपरेटरकाका रीळ उलटं गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "त्याची वायर उंदरांनी कधीच खाल्ली."

"मग... तुम्हीही ऐकलंत?"

"मी वर असतो बाळ. मशीनचा खडखडाट असतो." रीळ थांबवून ते म्हणाले, "ऐकलं."

भीती वाटायला हवी होती. तिला वाटली ती भीती नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी ती जीव टाकत होती, ती सगळ्या गावाला मिळाली होती, आणि तिला एकटीला नाही. पुढच्या रविवारी ती पहिल्या रांगेत बसली. त्याच्या पुढच्या रविवारी आईच्या टेबलापाशी, जमिनीवर. एकदा तर सिनेमाचा आवाज पूर्ण बंद करायला लावला, पडद्याखालची अक्षरंही बंद केली. हॉल तरीही हसला, तरीही रडला. तिला मशीनची घरघर ऐकू आली, आणि कुठेतरी छतातून गळणारं पाणी.

शेवटी तिने शिवणकाकूंचा हात धरला. "काकू, माझ्याजवळ बसा. ती काय म्हणते ते मला सांगा. तसंच्या तसं."

त्या रविवारी एका अंतराळवीराची गोष्ट होती. यानाबाहेर दुरुस्तीला गेलेला माणूस, आणि आतून अडकलेलं दार. काकू तिच्या कानाशी लागून कुजबुजत होत्या. आईची वाक्यं, काकूंच्या तोंडून.

"म्हणते, बाहेर फार थंडी आहे... म्हणते, याने स्वेटर घातला नाही, आईचं ऐकलं असतं तर..." काकू हसल्या. टिकलीला हसू आलं आणि रडूही.

"अजून?"

"म्हणते, दार अडकलंय, पण उघडेल. दारं उघडतातच... म्हणते, बघा, उघडलं."

पडद्यावर दार बंदच होतं. माणूस हळूहळू लहान होत काळोखात गेला, आणि सिनेमा संपला.

"आता काय म्हणते?"

"काही नाही."

"काकू, सगळे पुटपुटतात तेव्हा. दर वेळी शेवटी. तेव्हा ती काहीतरी म्हणते ना?"

काकूंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. टिकलीने तो सोडला नाही.

"तुला नको होतं सांगायचं, बाळा... ती विचारते. दर खेळाला शेवटी विचारते. माझी टिकली आली का?"

"आणि तुम्ही?"

"आम्ही म्हणतो, आली. सगळे म्हणतो. पण तिला ऐकू जात नाही बहुतेक... पुढच्या वेळी पुन्हा विचारते."

हॉल रिकामा झाला, तरी टिकली आईच्या खुर्चीकडे बघत होती.

पुढचा रविवार आला तेव्हा तिने पडद्याखालची अक्षरं लावलीच नाहीत. तत्त्व वगैरे घरी ठेवून ती आईच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्चीची गादी एका बाजूला दबलेली होती, आई बसायची तशी. तिने मेलेला माईक उचलला. गार होता. तोंडाशी धरल्यावर लोखंडाचा आणि कसल्यातरी गोड औषधी गोळीचा वास आला.

टपालवालीचाच सिनेमा होता. टिकली सांगू लागली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग लय सापडली. बाई निघाली. बाईला घर आठवतंय. ग्रह रिकामा आहे, पण ती पत्रं टाकून देत नाही. आणि शेवटी, पडद्यावरची बाई एकटी बसून पत्रं वाचत असताना, टिकलीने आयुष्यात पहिल्यांदा सिनेमाशी खोटेपणा केला.

"ती परत निघालीय," ती म्हणाली. "उशीर झाला. फार उशीर झाला. पण ती घरी पोचली. आई... मी आले."

या वेळी कुणी पुटपुटलं नाही. रीळ संपलं, पडदा पांढरा झाला. उजेडात माणसं तिच्याकडे बघत होती, आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

"आज विचारलं तिने?" टिकलीने काकूंना विचारलं. "तिला ऐकू आलं का माझं?"

काकूंनी स्वतःच्या ओठांवर हात दाबून धरला होता.

"काकू, बोला ना!"

उत्तर न्हावीदादांनी दिलं, तेही तिच्याकडे न बघता, बायकोचा दंड घट्ट धरून. "पोरीचे ओठ हलत होते नुसते," ते सगळ्यांनाच सांगावं तसं म्हणाले. "आवाज सगळा ताईंचा होता... अजूनही आहे."

खुर्च्या करकरल्या. माणसं भराभर बाहेर पडली. काकू जाताना दारात एकदा थबकल्या, मग त्याही गेल्या. ऑपरेटरकाका जिन्याने उतरले, दिवे न मालवताच निघून गेले.

टिकली एकटी उरली. तिने स्वतःशीच एक वाक्य म्हणून पाहिलं. आपलाच आवाज. रोजचाच, जरा बसका. त्यात आई कुठेच नव्हती.

तिने मामाला फोन लावला. मामा या रविवारच्या खेळांना कधी आला नव्हता, त्याने यातलं काही ऐकलं नव्हतं. त्याला तरी आपण टिकलीच वाटू, एवढंच तिला हवं होतं.

"बोल गं," मामा म्हणाला.

"मामा, हॉलवर येतोस? मला भीती वाटतेय."

पलीकडे काहीतरी खाली पडलं.

"मामा?"

"ताई..." मामाचा आवाज फाटला होता. "ताई, टिकलीचा फोन तुझ्याकडे कसा?"

"मामा, मीच आहे! टिकली!"

"पोर कुठाय, ताई? तिला नको नेऊस... तिला उशीर झाला, पण ती आली गं. तुझ्यासाठीच आली. तिच्यावर रागावू नकोस..."

तो रडत होता. आपल्या प्रत्येक शब्दाने तो आणखी रडेल, हे टिकलीला कळलं. म्हणून तिने तोंडावर हात घट्ट दाबून धरला, आणि एक अक्षरही बोलली नाही.

पलीकडे मामाचं रडणं हळूहळू उतरलं. मग तो हुंकार देऊ लागला.

"हो..." तो म्हणाला. "हो, ताई..."

टिकलीचा हात तोंडावरच होता.

"नाही, जेवते नीट. बारीक झालीय जराशी... हो... बरं... असंच सांगू? सांगतो. तसंच्या तसं सांगतो तिला."

टिकलीने फोन कानात रुतेल इतका दाबला. पलीकडे मामाचा श्वास होता. आणि त्याच्या दोन बोलण्यांच्या मधे जागा होत्या, कुणीतरी सावकाश बोलून संपवावं एवढ्या लांब.