मुरवलेली पेटी

इंजिन सुरू झालं की मनवा झोपायची. कस्तुरी लोहारला नेमकं तेच सहन होत नसे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तिच्या घराची मागची खोली म्हणजेच तिची प्रयोगशाळा. एका भिंतीशी पाळणा होता. समोरच्या भिंतीशी स्टँडवर चढवलेली एकशेदहा सीसीची टिटवी, शहरातली सगळ्यात स्वस्त मोटरसायकल. सायलेन्सरला रबरी नळी लावून तिनं ती खिडकीबाहेर काढली होती, आणि धुराचा मापक पाळण्याच्या दांडीलाच टांगला होता. टिटवीच्या सीटखाली काळी पेटी बसवलेली होती. इंजिन थंड असलं की पेटी आपणहून ॲक्सिलरेटरची मूठ पिळायची: दोन छोटे झटके, एक लांब. अकरा महिन्यांची मनवा रडता रडता थांबायची, अंगठा तोंडात घालायची आणि झोपून जायची.

“बापाला मारणाऱ्याच्या हातावर माझी पोर झोपते, सर.”

डॉ. केळुसकर पाळण्यापाशी स्टुलावर बसले होते. कस्तुरी इंजिनिअरिंगला असताना ते तिचे प्राध्यापक होते, आणि त्याआधी ‘पूर्वहस्त’ बनवणाऱ्या चमूत होते. आता निवृत्त होते आणि चहात साखर घालायची की नाही यावरून घरी रोज भांडत होते.

“झोपू दे. पेटीला खून कळत नाही,” ते म्हणाले. “तिला फक्त हात कळतो.”

“ते पुन्हा एकदा सांगा. मला चुकायचं नाहीये.”

“मेंदूनं ठरवलं आणि हात हलला, यात पाव सेकंद जातो. मोठ्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. तुझ्या टिटवीसारख्या चिमणीला तेवढाही वेळ महाग. म्हणून ही पेटी, पूर्वहस्त. पहिले सहाशे किलोमीटर तो चालवणाऱ्याचा हात शिकतो. कुठे मूठ सोडतो, कुठे पिळतो, चढाला कसा, वळणाला कसा. यालाच आम्ही मुरवणी म्हणायचो. मुरवणी संपली की पेटी कुलूपबंद. मग हात हलायच्या आधीच ती इंधन सोडते किंवा तोडते.”

“आणि दुसरा माणूस बसला तर?”

“त्याच्यातही ती पहिल्यालाच शोधते. इमानी असते गं. अपेक्षा एक, हात दुसराच. त्या फरकाला तफावत म्हणायचं. परका माणूस बसला की पंचवीस-तीस. तोच वर्षभर चालवत राहिला तर पेटी बदलत नाही, माणूसच तिला सरावतो. मग आठ-दहापर्यंत येतो. ज्यानं मुरवली त्याचीच तफावत एकाच्या खाली.” ते हसले. “आमच्या घरी चाळीस वर्षांत दहाच्या खाली आलेली नाही.”

“म्हणूनच ब्रेकला अग्रहक्क दिलात.”

“हो. ब्रेक दाबला की पेटीचं काही चालत नाही. घाटातल्या शर्यतीची पोरं नेमका तोच काढून टाकतात. वर तुम्ही उद्यमनगरवाले मुरवलेल्या पेट्या नंबर घासून विकता.”

“पोरांना सहाशे किलोमीटर दम नसतो, सर. चांगल्या हाताची पेटी आयती मिळाली तर हवीच असते. सगळेच द्यायचे. मीही दिल्यात.”

“बेकायदा आहे ते.”

“ठाऊक आहे,” कस्तुरी म्हणाली आणि प्लग पुसायला घेतला.

चौदा महिन्यांपूर्वी करूळ घाटाच्या चौथ्या वळणावर तिचा नवरा विक्रांत कडेला उभा होता. तिचा फोन आला म्हणून त्यानं गाडी थांबवली होती. वरून एक बिननंबराची टिटवी आली आणि वळणावर मंद व्हायच्या जागी तिनं उसळी घेतली. विक्रांत कठड्याशी चिरडला गेला. चालवणारा गाडी तिथंच टाकून पळून गेला. विक्रांत त्यानंतर चाळीस मिनिटं जिवंत होता. तेव्हा कस्तुरीला सहावा महिना होता.

पेटीत मुरलेल्या हाताची खूण, म्हणजे हातछाप, न्यायालयात पुरावा म्हणून चालत नव्हती. गाडी भंगारात निघाली आणि कस्तुरीनं तिच्यातली पेटी मिळवली. पेटीच्या नोंदीत ते वळण होतं. धडकेच्या आधी मूठ पिळली गेली होती. आवळली नव्हती, मऊपणे, सरावानं पिळली होती. कस्तुरीनं ती रेघ इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटूनही काढू शकली असती. असा हात असलेला माणूस तिला हवा होता.

“सापडला तर पोलिसांत जायचं,” निघताना केळुसकर म्हणाले. “शब्द दे.”

“हो, सर.” तिनं मान वर केली नाही.

वर्षभर ती शर्यतीच्या पोरांच्या गाड्या करून देत होती. हेड घासायची, पिस्टन हलका करायची, हवेची वाट मोकळी करायची, मागच्या चक्राचे दाते बदलायची. गाडी देण्याआधी प्रत्येकाला म्हणायची, “एक चक्कर माझ्या टिटवीवर मार. तुझा हात बघते, मग तुझी गाडी जुळवते.” यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चांगली मिस्त्री हात बघतेच.

सत्तावीस. एकतीस. चोवीस. चाळीस पोरं होऊन गेली.

एक्केचाळिसावा दौलत चौगुले, इचलकरंजीचा. शांत, नजर खाली. रंकाळ्याला चक्कर मारून आला तेव्हा पेटीला जोडलेल्या स्क्रीनवर तफावतीचा आकडा होता: नऊ.

“लई वळणाची गाडी हाय वहिनी,” दौलत म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “कुठनं आणलीसा?”

“भंगारातून. का रे?”

“न्हाई. अशी एक हुती माझ्याकडं.”

“विकलीस?”

“गेली,” तो म्हणाला.

कस्तुरीनं त्याला पाणी दिलं. नऊ का आणि एकाच्या आत का नाही, असा प्रश्न तिला पडला होता. उत्तर तिनंच देऊन टाकलं: भ्यालेल्या माणसाचा हात बदलतो.

मग आठवडाभर तिनं दौलतची गाडी केली. मनवाला कडेवर घेऊन, तिच्या मुठीतून पाना सोडवून घेत, खीर भरवता भरवता. इतकी सुंदर गाडी तिनं आजवर केली नव्हती. झडपा अशा बसवल्या की इंजिनाचा आवाज सुई ओवल्यासारखा निघावा. शेवटी ब्रेकचा अग्रहक्क काढला आणि सीटखाली ती काळी पेटी बसवली. रविवारी करूळ घाटात शर्यत होती. चौथ्या वळणावर पेटी तेच करणार होती जे तिला येत होतं. कुणीही मारणार नव्हतं. त्याचा हात त्याला परत मिळणार होता.

“तुझ्या बाबांचं होतंय हं,” तिनं मनवाच्या कानात सांगितलं. मनवानं तिचं नाक चावलं.

शनिवारी दुपारी शेजारच्या बिल्किसखालांना पाळण्यापाशी बसवून ती शेवटची चाचणी घ्यायला निघाली. गाडी जुळवणारा ती स्वतः चालवल्याशिवाय देत नाही, हा उद्यमनगरातला जुना रिवाज. वर्षभरात त्या पेटीवर ती स्वतः कधीच बसली नव्हती. तिला किळस येत होती.

राजाराम तलावाच्या रस्त्याला लागली आणि गाडी तिच्या अंगाखाली विरघळली. मनात आलं की गाडी गेलेली असायची. पहिलं वळण, दुसरं. वळणात तिनं नेहमीसारखा हलका हात दिला, मूठ जराशी पिळून. लग्नानंतर विक्रांतनंच शिकवलं होतं, वळणात गाडी सैल सोडायची नाही, हात देत राहायचा, मग ती रस्ता धरते.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. शून्य पूर्णांक चार.

गाडी थांबवून तिनं आकडा पुसला आणि पुन्हा चक्कर मारली.

शून्य पूर्णांक तीन.

स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात ओळखू येत नाही, तसं काहीतरी. तिनं शेकडो हात स्क्रीनवर पाहिले होते, स्वतःचा कधीच नाही. मऊपणे, सरावानं पिळलेली मूठ. तिनंच मुरवून, नंबर घासून बाजारात सोडलेली, बाळाची चाहूल लागायच्या आधीची कुठलीतरी पेटी.

ती घरी आली तेव्हा मनवा रडून लाल झाली होती. “कशानंच राहीना गं,” खाला म्हणाल्या. कस्तुरीनं तिला खांद्यावर घेतलं आणि थोपटू लागली. दोन छोटे, एक लांब. मनवा थांबली. कस्तुरीचा हात हवेतच राहिला. मग मनवा पुन्हा रडू लागली, म्हणून तिला थोपटावंच लागलं.

पाच वाजता दौलत आला. “झाली का गाडी, वहिनी?”

“बस.” गाडीची सीट काढलेली होती. पेटी बाहेर, फडक्यावर होती. “चौथ्या वळणावर तू काय केलंस?”

त्यानं पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पळाला नाही.

“मूठ सोडली हुती मी. आईशप्पथ. ब्रेक बी दाबला. गाडीनं सोडली न्हाई. कुणाला सांगू, कोण इश्वास ठेवंल?”

“मी,” कस्तुरी म्हणाली. “तुझी तफावत नऊ आहे. माझी शून्य पूर्णांक तीन.”

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो जमिनीवरच बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका उमटली ती पाहून कस्तुरीला वर्षभराचा राग पुन्हा एकदा, जसाच्या तसा आला.

“सुटलास असं समजू नको. अग्रहक्क कुणी काढला होता?”

“मी.”

“मूठ माझी होती. पळालास ते तुझ्या पायांनी. चाळीस मिनिटं जित्ता होता तो.”

दौलतनं मान खाली घातली. कस्तुरीनं पेटी फडक्यात गुंडाळली आणि मनवाच्या दुपट्यांच्या पिशवीत ठेवली. केळुसकर सरांना फोन लावला आणि म्हणाली, “सर, पोलीस ठाण्यात या. दोन माणसं द्यायची आहेत. पोलिसांना पूर्वहस्त समजावून सांगायला तुम्ही लागाल.”

मग तिनं झोपलेल्या पोरीला पोटाशी बांधलं.

“चल,” ती दौलतला म्हणाली. “चालत जायचं.”