शेजारचं विरजण

मंगळावरच्या घुमटगावात शेजार म्हणजे भिंतीला भिंत. पलीकडचा शिंकला की अलीकडच्याच्या पेल्यातलं दूध हिंदकळायचं. बाहेर हवा नाही, तेव्हा रुसून जायचं तरी कुठं? माणसं आतल्या आतच एकमेकांच्या नरडीला लागायची. शेवंता घोलपच्या नवऱ्याला पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या दगडूनं भोसकून मारलं. त्या दिवसापासून तिनं केरूला, म्हणजे आपल्या एकुलत्या पोराला, कमरेला दोरी बांधून घरात ठेवलं.

ती दोरी पाहून गावचे म्हातारे डॉक्टर रेगे तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले. पहिली शहरं वसली तेव्हा हाच घोळ झाला होता. तोवर माणूस भाऊबंदांच्या टोळीत राहायचा, परका दिसला की दगड उचलायचा. मग हजारो परके एका गावकुसात निवांत घोरायला लागले कसे? रेग्यांना त्या काळच्या माणसांच्या दातांवरच्या किटणात एक जंतू सापडला होता. घरोघर उसन्या जाणाऱ्या विरजणातून तो पसरला आणि मेंदूत आपला-परका निवडणारी जी जागा असते, ती त्यानं बोथट करून टाकली. रेग्यांनी त्याला नाव दिलं नगरजंतू, आणि प्रयोगशाळेत जिवंतही केला.

"माया आटत नाही, शेवंताबाई," ते म्हणाले. "सगळ्यांत सारखी वाटली जाते. दगडूच्या पोरांवर जेवढी, तेवढीच केरूवर राहील."

"राहू दे की. पोर जगलं म्हणजे झालं."

तिनं रेग्यांनी दिलेल्या जंतूचं घरी दही लावलं, चाखलं आणि विरजणाची वाटी स्वतः दगडूच्या बायकोच्या हातात दिली. तिथून ती गावभर फिरली. रेग्यांना दह्यानं खोकला व्हायचा, म्हणून तेवढे ते चाखायचे राहिले. भांडणं थांबली. केरूची दोरी सुटली, आणि दगडू त्याला मांडीवर घेऊन भरवू लागला.

मग एकदा बोळाच्या छताला तडा गेला आणि हवा बाहेर सुटू लागली. बोळ बंद करायच्या झडपेवर शेवंता होती. बोळातून एक पोर धावत येत होतं. तिला त्याची अगदी पोटातून कणव आली. आतल्या प्रत्येकाचीही तेवढीच आली. तिनं झडप पाडली.

"क्षणभर थांबली असतीस तरी हवा पुरली असती," रेगे ओक्साबोक्शी रडत म्हणाले. "केरू होता गं तो."

शेवंतानं आठवून पाहिलं. "असेल. पोर होतं एक, एवढं दिसलं."

म्हाताऱ्याचं रडणं काही तिला बघवेना. तिनं पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं विचारलं, "तुमच्या फार जवळचा होता का हो?"