मांडलेली खुर्ची

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास टिपणबाई बाहेरच्या दालनातली एक खुर्ची उचलून स्वतःच्या खोलीत नेत होत्या. खुर्ची साधीच होती, लाकडी, पाठीला दोन आडव्या पट्ट्या असलेली. शिपायाने मदतीला हात पुढे केला तर बाईंनी मानेनेच नको म्हटलं. आज त्यांच्या अंगात भलताच उत्साह संचारला होता.

टिपणबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. समुपदेशन केंद्रातल्या मंडळींनी ते पाडलं होतं, कारण समोरचा माणूस बोलू लागला की बाईंची मान खाली जायची आणि पेन सुरू व्हायचं. एकदा एक गृहस्थ मनसोक्त रडून, डोळे पुसून निघूनही गेले, तरी बाई शेवटची ओळ पुरी करत होत्या, असं सहकारी सांगत. बाईंना ते अजिबात मान्य नव्हतं.

केंद्र होतं चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथे येणारे बहुतेक लोक दूरदूरच्या मुलखांतून या शहरात कामाला आलेले. प्रत्येकाची भाषा वेगळी, रीत वेगळी, दुःख सांगायची तऱ्हासुद्धा वेगळी. कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही, कुणाशी हात मिळवायचा नाही, कुणाच्या सासूला विचारल्याशिवाय सुनेशी बोलायचं नाही, हे सगळं बाईंनी अकरा वर्षांत विचारून विचारून शिकून घेतलं होतं. नवरा म्हणायचा, तू शेजारच्या मांजरालाही विचारशील, तुमच्यात दूध बशीत देतात की वाटीत. बाई हसायच्या, पण मनातून त्यांना आपल्या या सवयीचा अभिमान होता. आणि नेमकं त्या दुपारी त्यांनी विचारलं नाही.

तीन वाजता इस्त्रीवाली यायची होती. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. सात महिन्यांपूर्वी तिच्या गावाकडून आई गेल्याचा निरोप आला, आणि त्या दिवसापासून तिने बोलणंच टाकलं. जाता आलं नाही, तोंड पाहता आलं नाही. म्हातारीच्या मनात एकच राहून गेलं होतं. इकडे जन्मलेल्या नातीला तिने एकदाही पाहिलं नव्हतं. ती नात म्हणजे चिमी, सहा वर्षांची. शाळेतून चार वेळा निरोप आला तरी आई बोलेना, उत्तर देईना. तेव्हा बालकल्याण कार्यालयाने चिमीला तात्पुरतं एका काकूंकडे सांभाळायला ठेवलं. आता गुरुवारी बाईंचा अहवाल जायचा होता. सुधारणा नाही असं त्यात लिहिलं, तर चिमी वर्षभर तरी घरी येणार नव्हती.

चार बैठका झाल्या होत्या. चारही वेळा इस्त्रीवाली मांडीवर हात ठेवून तासभर गप्प बसली होती. बाईंची झोप उडाली होती. मग काल त्यांना एकदम आठवलं, रिकाम्या खुर्चीचा प्रयोग! गेलेलं माणूस समोरच्या खुर्चीत बसलंय असं समजायचं, आणि मनात साठलेलं सगळं त्याला सांगून टाकायचं. किती जण बोलते झाले होते या खुर्चीपुढे. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून बाईंनी कपाळावर हात मारून घेतला होता.

इस्त्रीवाली आली, डोक्यावरचा रुमाल हनुवटीपर्यंत ओढून नेहमीच्या जागी बसली. बाईंनी टेबलावरचा फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे दुभाषा होता. हे गृहस्थ इस्त्रीवालीच्याच मुलखातले. बाईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण तो खर्जातला, सावकाश आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता. या कामाचा एक नियम असतो. दुभाष्याने ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला तर दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की समोरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतोय.

बाईंनी भराभर प्रयोग समजावून सांगितला.

“बाई,” दुभाषा म्हणाला, “आमच्यात गेलेल्या माणसाला जागा मांडत नाहीत.”

“अहो, नुसतं समजायचं आहे. खरंच कुणी बसणार आहे का?”

“मांडणार कोण? तुम्ही की ती?”

बाईंचं घड्याळाकडे लक्ष होतं. “मीच मांडते. माझीच खुर्ची आहे.”

“बरं,” तो म्हणाला. “मग सांगतो तिला.”

एरवी याच ठिकाणी बाईंनी दहा प्रश्न विचारले असते. का मांडत नाहीत, मांडली तर काय होतं, कुणी मांडायची असते. पण त्यांना गुरुवार दिसत होता, चिमी दिसत होती. त्यांनी खुर्ची इस्त्रीवालीच्या समोर सरकवली, हात पुढे केला आणि आपण घरी आलेल्या पाहुण्याला म्हणतो तसं म्हणाल्या, “या, बसा.” दुभाष्याने तेही त्याच्या भाषेत सांगितलं.

इस्त्रीवालीने आपली खुर्ची जोरात मागे रेटली. तिची पाठ भिंतीला टेकली. खोलीत एक दमट, जुना वास आला, बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तसा. खालच्या रस्त्यावरची वर्दळ कुणी दार लावून घेतल्यासारखी थांबली. आणि मग पुटपुटणं सुरू झालं. अगदी हलकं, थकलेलं, पण बोलणंच.

बाईंचं काळीज आनंदाने उडालं. सात महिन्यांनी! मान आपोआप खाली गेली, पेन धावू लागलं.

“मी चालून चालून दमले,” फोनमधून आवाज आला. “इतक्या लांब आले. इतक्या दारांशी थांबले. मला कुणी बसा म्हटलं नाही.”

परक्या गावातलं एकटेपण, बाईंनी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

“तुम्ही म्हटलंत. तुमचं भलं होवो. आता माझी पोर कुठे आहे ते सांगा. मला पोर हवी. बाकी काही नको.”

बाईंचे डोळे भरून आले. हेच तर हवं होतं! आईच्या तोंडून आलेलं हे एक वाक्य अहवालात गेलं की काम फत्ते. त्यांनी काकूंच्या गल्लीचं नाव सांगितलं, चिमी तिथे खुशाल आहे म्हणाल्या. तेवढ्यात इस्त्रीवालीने त्यांची बाही पकडली. मनगटाला तिची नखं लागली. ती काहीतरी चटकन बोलली. भावनेचा भर आहे, असू दे, असं मनाशी म्हणत बाईंनी मान वर न करताच तिचा हात थोपटला.

“मी शब्द देते,” त्या म्हणाल्या. “चिमी तुमच्याकडेच येईल.”

दुभाष्याने ते सांगितलं. पुटपुटणं थांबलं. रस्त्यावरची वर्दळ पुन्हा ऐकू येऊ लागली. बाईंनी वर पाहिलं तोवर इस्त्रीवाली दार उघडून पळाली होती. तिची पिशवी खाली तशीच पडली होती. मन मोकळं झालं की माणसं अशी सैरभैर होतात, बाईंनी पाहिलं होतं.

त्यांनी गुरुवारची वाट पाहिली नाही. तिथेच बसून एका दमात अहवाल लिहिला आणि पाठवून दिला. मग सगळ्या सहकाऱ्यांना सांगत सुटल्या. कुणीतरी चहा आणला, बाईंनी तो उभ्यानेच घेतला.

पाच वाजता बाईंच्या मोबाइलवर दुभाष्याचा फोन आला. त्याला त्याचा फॉर्म भरायचा होता. खोलीत किती जण होते, तेवढंच विचारायचं होतं.

“माझ्याशिवाय एकच,” बाई म्हणाल्या.

“बाई... मग ती म्हातारी कोण?”

“कुठली म्हातारी?”

“मी जिचं भाषांतर करत होतो ती. तुमच्यासमोर बसलेली पोरगी कुठे बोलली? ती एकदाच बोलली, शेवटी. ते मी सांगणार, इतक्यात तुम्ही शब्द दिलात.”

बाई आपल्या खोलीकडे वळल्या. “काय म्हणाली होती ती?”

“तिला नाही म्हणा. एवढंच. ‘बाई, तिला नाही म्हणा.’”

खोलीत संध्याकाळचं ऊन होतं. खुर्ची होती तिथेच होती. बाई दारातच उभ्या राहिल्या, त्यांना आत पाऊल टाकवेना. आपण केवढी चूक केली हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि स्वतःचा इतका राग आला की भीतीसुद्धा क्षणभर मागे पडली. आता काय करायचं असतं, असं त्यांनी विचारलं. विचारायला दोन तास उशीर झाला होता. दुभाष्याने सांगितलं, ज्याने बसवलं त्यानेच उठा म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही.

बाई कशाबशा आत गेल्या आणि त्यांनी फोन खुर्चीसमोर धरला. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येईना. “आजी,” त्या म्हणाल्या, “उठा आता. उशीर झालाय.” दुभाष्याने ते त्याच्या भाषेत सांगितलं. दोघंही कान देऊन ऐकू लागले.

“काहीच ऐकू येत नाही, बाई,” तो अखेर म्हणाला. “ती इथे नाहीये. शब्द मिळाल्यावर ती बसून कशाला राहील?”

बाईंनी दुभाष्याला फोनवर थांबायला सांगितलं आणि टेबलावरच्या फोनवरून काकूंना फोन लावला. काकू वैतागल्या होत्या. पोरीची आई साडेतीन वाजल्यापासून फाटक धरून उभी होती आणि कार्यालयाचं पत्र नसताना तिला आत घेता येत नव्हतं. पोरगी मात्र मजेत होती. दुपारपासून स्वयंपाकघरात एकटीच बसून गप्पा मारत होती.

“तिला तिच्या गावची भाषा इतकी छान येते, हे कुणी सांगितलंच नाही,” काकू म्हणाल्या.

चिमीला ती भाषा येत नव्हती. फाइलमध्ये पहिल्याच पानावर शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं. पोरीला कुणी हसू नये म्हणून आई तिच्याशी कायम इथल्याच भाषेत, मोडकंतोडकं का होईना, बोलायची.

“आईला आत घ्या,” बाई ओरडल्या. “मी सांगते, माझ्या जबाबदारीवर. आत्ता घ्या!”

काकूंची गल्ली दहा मिनिटांवर होती. बाई धावतच सुटल्या. भाजीच्या दुकानावरून, बसथांब्यावरच्या रांगेतून, माणसांना धक्के देत, पन्नाशीच्या वयात. हातातल्या फोनमध्ये दुभाषा अजून होता. त्याचा श्वास ऐकू येत होता.

फाटक उघडंच होतं. घराचं दारही. काकू ओटीवर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या, त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. स्वयंपाकघरात चिमी खुर्चीवर ताठ बसली होती, पाय खाली पोचत नव्हते. बूट घातलेले, वेणी घट्ट घातलेली. काकूंनी नंतर शपथेवर सांगितलं की वेणी त्यांनी घातली नव्हती. इस्त्रीवाली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती आणि सात महिन्यांचं सगळं बोलणं एकदम बाहेर पडत होतं. ती रडत होती, हाका मारत होती, आपल्या भाषेत, इथल्या भाषेत. “चिमी, माझ्याकडे बघ. चिमी, ऊठ, घरी चल.”

ती बोलत होती. बाईंना वाटलं, झालं, जिंकलो. आई बोलली, लेक समोर आहे, आता कुणाची काय बिशाद. त्या दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत हसल्यासुद्धा.

चिमीने आईकडे पाहिलं. मग हात उचलून तिच्या डोक्यावरचा रुमाल नीट केला, अगदी सावकाश, आणि त्या भाषेत काहीतरी म्हणाली. इस्त्रीवालीचं रडणं तिथेच तुटलं.

“काय म्हणाली?” बाईंनी फोनमध्ये विचारलं. “सांगा ना, काय म्हणाली चिमी?”

दुभाष्याने नियमाप्रमाणे सांगितलं, शब्दाला शब्द.

“हळू बोल... माझ्या मांडीवर पोर झोपलीय.”