नदीच्या मध्यावर बंद पडणारी मोटर

चौकशीबाईंनी दुखऱ्या गुडघ्यावर शेकायची पिशवी ठेवली आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

“उघडू नका हो,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांनी तोपर्यंत उघडलं होतं. लोकांच्या भानगडींचा छडा लावायच्या बाईंच्या चौकशांना यजमान हौसेने सोबत जात आणि दरवेळी चुकीच्या माणसावर संशय घेत.

आत आला तो नदीवर उतारूंची ने-आण करणारा नावाडी. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली तेलकट वस्तू टेबलावर ठेवली. “हा बघा गुन्हेगार.”

“आधी खाली ठेवा. टेबलक्लॉथ कालच धुतलाय. काय आहे ते?”

“कार्बोरेटर. आमच्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, माझ्या गळ्यात मारलेल्या होडीच्या जुन्या मोटरीचा. बिघडलेली आहे हे ठाऊक असून विकली. तेवढं सिद्ध करून द्या. ताईला सांगून टाकलंय, दाजी मोटर परत नेईपर्यंत माझ्या दारात पाऊल टाकू नकोस.”

“बहिणीने काय केलंय?”

नावाड्याने मान खाली घातली. “फोन ठेवून दिला तिने. पुन्हा केला नाही.”

बाईंनी सुस्कारा टाकला. घरातल्या भांडणाच्या चौकशीत जिंकूनही कुणी जिंकत नाही, हे त्यांना पाठ झालं होतं. “बंद कशी पडते, ते सांगा.”

“एका झटक्यात सुरू होते. झोकात निघते. नदीच्या मध्यावर पोचलो की धाप लागते आणि गप्प.”

“पेट्रोलच्या नळीवर रबरी फुगा असतो ना? तो दाबून बघितलात?”

“दाबायला काही उरतच नाही. चिपाड होऊन बसलेला असतो. मग माझे बाबाच वाली. वल्ह्यांची जुनी होडी घेऊन येतात आणि आम्हाला ओढून काठाला लावतात. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघतात, मला दोरी ओढायला लावतात, आणि ही बया लगेच सुरू!”

“नेहमी असंच?”

“बाबा तापाने पडले होते तेव्हा तेवढी नीट चालली, नशीब माझं. नाहीतर ओढायला कोण होतं? पण काल वारा सुटला. बाबा पोचेपर्यंत आम्ही पुलाच्या खांबाकडे वाहत चाललो होतो. एक बाई तान्ह्या लेकराला छातीशी धरून ओरडत होती. तो आवाज जात नाही कानातून.”

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. “अहो, चपला घाला.”

मोटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने त्यांच्या हातातला कार्बोरेटर बघताच कपाळावर हात मारला. “त्याच मोटरीचं ना? तीनदा खोलला कार्बोरेटर. जेट फुंकले, सुई बदलली, फ्लोट तपासला. घासून घासून आरसा केलाय.”

“चालवून पाहिलीत?”

“पिंपात पाणी भरून, माझ्या पेट्रोलच्या टाकीवर. दुपारभर चालली. शेजारी शिव्या द्यायला लागले तेव्हा मीच बंद केली.”

बाहेर आल्यावर यजमान कुजबुजले, “हाच. मुद्दाम अर्धवट काम करतो, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येतं.”

“अहो, मोटरीचं नुसतं नाव काढलं तरी त्या माणसाचं डोकं उठतंय. चला.”

दाजी बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. पोत्यावर बसून त्यांनी दुखरी कंबर सरळ केली. “ही कंबर गेली म्हणून मोटर विकली. आता मेव्हण्याच्या लेखी मी चोर, आणि त्याची बहीण कालपासून माझ्याशीही बोलत नाही.”

“देताना सगळं समजावलं होतंत?”

“टाकीच्या झाकणापासून प्लगपर्यंत! पण मेव्हणेसाहेब मोबाईलवर मोटरीचा व्हिडिओ काढत होते. सासरे तेवढे नीट ऐकत होते.”

यजमान पुन्हा कुजबुजले, “मग हाच.”

“तुम्ही माझ्यावर कधी संशय घेणार?”

“तुझ्यावर? हिंमत आहे का माझी!”

संध्याकाळी सगळे धक्क्यावर जमले. मिस्त्रीने कार्बोरेटर जागेवर बसवला. दाजी नावाड्यापासून चार हात लांब उभे होते. म्हातारे बाबा पेट्रोलची टाकी उचलून उतारावरून आले.

“यांच्याकडे द्या,” बाई यजमानांकडे बोट करत म्हणाल्या.

“नको. घरून टाकी आणायचं एवढं एकच काम उरलंय मला.”

धक्क्याला बांधलेल्या होडीवर मोटर सुरू झाली. चालली. चालतच राहिली. यजमानांनी दोन जांभया दिल्या.

“आज मुद्दाम चालतेय!” नावाडी चिडून म्हणाला.

“मुद्दामच,” बाई म्हणाल्या. गुडघ्यावर हात टेकत त्या होडीत उतरल्या आणि टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू त्यांनी घट्ट पिळला. “आता थांबा.”

थोड्या वेळाने मोटरीला धाप लागली. रबरी फुगा आत ओढला गेला, चिपाड झाला, आणि मोटर बंद पडली. बाईंनी झाकण फिरवलं. हुश्श करून हवा आत शिरली.

“पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा टाकीत यायला हवी. या स्क्रूने ती वाट बंद होते. नळीत असतं तेवढ्यावर मोटर निघते आणि मध्यावर उपाशी मरते. मिस्त्रींनी स्वतःची टाकी लावली, म्हणून तिथे चालली. दोष कार्बोरेटरचा नव्हता आणि दाजींचाही नव्हता.”

“मग स्क्रू पिळत कोण होतं?” यजमानांनी विचारलं.

“ज्याने झाकणाबद्दल नीट ऐकून घेतलं होतं. जो रोज टाकी आणतो. जो तापाने पडला तेव्हा मोटर नीट चालली. आणि जो काठावर झाकण उघडायचा, की मोटर लगेच सुरू व्हायची.”

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे गेल्या.

“बाबा?” नावाडी त्यांच्याकडे वळला. “पण मग आज का चालली?”

“काल वारा सुटला आणि ते घाबरले, म्हणून,” बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. “आज त्यांनी स्क्रू उघडा ठेवला.”

बाबा धक्क्यावर टेकले. “मोटर आली आणि तू म्हणालास, बाबा, आता आराम करा. आराम म्हणजे काय, तर भिंतीकडे तोंड करून बसणं. तुला ओढून आणलं की लोक म्हणायचे, म्हातारा होता म्हणून वाचलो. तेवढंच ऐकायचं होतं रे. कालचं ते लेकरू... मला कुठे ठाऊक होतं वारा सुटेल.”

“तुम्हाला?” नावाडी ओरडला. “तुम्हाला वारा कळत नाही?”



दाजी कंबर धरून पुढे आले. नावाड्याने त्यांच्याकडे बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग खिशातून फोन काढून बहिणीला लावला. पहिल्यांदा तिने उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

“ताई, ठेवू नकोस. चुकलो मी. दाजी इथेच आहेत.” तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने फोन बाबांच्या पुढे धरला. “मोटरीत काय बिघाड होता, विचारतेय. मी नाही सांगणार. तुम्ही सांगा.”

बाबांनी फोन दोन्ही हातांत घेतला.

“पोरी, जेवलीस का?” ते म्हणाले. आणि तिचं उत्तर ऐकून, “मग बस जरा. सांगतो.”